तुंब्याचं तोंड

"मग नवा तुंबा तुम्ही कुणालाच देत नाही, तो का?" शाल्मलीनं विचारलं.

केरूबाबांनी वर पाहिलं नाही. मांडीवर तिच्या आईचा तुंबा होता, हातात लाखेची कांडी होती.

"जुने गळतात," ते म्हणाले.

पुढे काही बोलतील म्हणून ती थांबली. निखाऱ्यावर लाख मऊ होत राहिली...

आजरा सोडून घाटाकडे निघालं की डाव्या हाताला एक टेकाड लागतं. हा मठ त्याच्यावर. लोक त्याला भोपळ्याचा मठ म्हणतात आणि मठातल्या कुणाला त्याचा राग नाही. इथं कानात मंत्र सांगत नाहीत, गळ्यात माळ घालत नाहीत. कडू भोपळा वाळवून, आतून पोखरून पाण्याचा तुंबा करतात आणि तो शिष्याच्या हातात देतात. झाली दीक्षा.

शिष्यानं जन्मभर त्यातून पाणी प्यायचं. आणि गुरूनं तो जन्मभर दुरुस्त करून द्यायचा. अट शिष्यापेक्षा गुरूवर जड आहे. गळका तुंबा उंबऱ्याच्या आत आला, की तो बुजवून दिल्याशिवाय बाबांनी जेवायचं नाही.

केरूबाबांचे गुरू थोरले बाबा. त्यांचा हात सैल. मागेल त्याला त्यांनी तुंबा दिला, न मागेल त्यालाही दिला. मग त्यांनी समाधी घेतली. तुंबे मागे राहिले.

तेव्हापासून केरूबाबा बहुतेक वेळा गार जेवतात.

आजही तेच चाललं होतं. स्वयंपाकघराच्या दारात गोदाक्का पळी घेऊन उभ्या होत्या. मठाचं रांधणं त्यांच्याकडे. भाकऱ्या केव्हाच झाल्या होत्या, आमटीवर पापुद्रा धरू लागला होता, आणि पुण्याहून आलेली ही बाई काही बाबांना सोडत नव्हती. तसं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. पळी मात्र एकदा चौकटीवर वाजवली.

"काय करतेस पुण्यात?" बाबांनी विचारलं.

"जुने फोन जिवंत ठेवते."

हे वाक्य शाल्मलीनं लग्नकार्यात, गाडीत शेजारी बसलेल्यांना, एकदा तर दाताच्या डॉक्टरलाही ऐकवलं होतं. ऐकणारा दर वेळी भुवया वर करायचा. बाबांनी लाखेवर फुंकर घातली.

"किती दिवस?"

"दोन वर्षं. फार तर तीन."

"मग?"

"मग लोक नवा घेतात."

"घेत्यात, का घ्यावा लागतोय?" हे दारातून आलं.

शाल्मलीनं मान वळवली. तिच्या हाताखाली चाळीसेक माणसं होती आणि त्यातल्या कुणी हा प्रश्न असा, पळी हातात घेऊन, विचारला नव्हता. तिला राग आला. राग आला की ती छान बोलायची, तिच्या कचेरीत हे सगळ्यांना माहीत होतं.

ती बोलू लागली.

फोन एका घरात तयार होत नाही, हे तिनं आधी सांगितलं. त्याची चिप एकाची, कॅमेरा दुसऱ्याचा, आणि आत सगळ्यांना कामाला लावणारी जी यंत्रणा असते ती तिसऱ्याचीच. ती तिसरी दरवर्षी नवी होते. नवी झाली की ती जुन्या चिपेवर बसवायची. बसवायची तर चिपवाल्यानं आपला तुकडा नव्या मापाचा करून द्यावा लागतो, आणि तो तुकडा ते बंद पाकिटात देतात. आत काय आहे ते दाखवत नाहीत. एक दिवस ते म्हणतात, ही चिप आता जुनी झाली, आम्ही पाकिटं देणार नाही. मग फोन करणाऱ्याचे हात बांधले.

शिवाय कंपनीनं एक फोन काढलेला नसतो. मोठा काढलेला असतो, लहान काढलेला असतो, त्याचाच जरा बरा कॅमेरा असलेला भाऊ काढलेला असतो. प्रत्येकाचं पोट वेगळं. एक अपडेट म्हणजे ते प्रत्येक पोटाला पचतं की नाही, ते बसून बघायचं. आणि बघायला माणसं कुठली... फोन विकला तेव्हा जे मिळायचं ते मिळालं. त्यानंतर तो फोन कंपनीला काही देत नाही, नुसतं मागतो. म्हणून माणसं उचलून नव्या फोनवर बसवतात. जुन्यावर मागे राहतो तो आजारी, नाहीतर हट्टी.

"तू कोण?" बाबांनी विचारलं.

"हट्टी," शाल्मली म्हणाली.

बाबांनी कापडाची पट्टी चिरेवर दाबली. गोदाक्का आत गेल्या, परत आल्या. पळीच्या जागी आता हातात फोन होता.

"ही तुमच्यातलीच काय, बघा बरं."

शाल्मलीनं तो न घेताच ओळखला. कडेची निळी पट्टी, मागे कोपऱ्यात बारीक चांदणी. त्या फोनचं नावच चांदणी होतं. तिच्या कंपनीनं काढलेला सगळ्यात स्वस्त फोन. पहिल्या वर्षी तो इतका गेला होता, की कचेरीत सगळ्यांना पेढे वाटले होते.

गोदाक्कांची लेक मस्कतला असते. रोज दिवे लागायच्या वेळी ती ह्या फोनच्या काचेत यायची, मांडीवर नातू. गेल्या महिन्यापासून येत नाही. ते बोलायचं जे काही आहे ते म्हणतं, हा फोन जुना झाला, मी आता ह्याच्यावर चालणार नाही.

"आवाज येतोय," गोदाक्का म्हणाल्या. "तोंड दिसत न्हाई. पोराला दात आलेत म्हणं. म्हणं..."

नातवाच्या दाताची ही हकीकत मठात सगळ्यांना पाठ होती. मठाची रीत आहे, इथं कुणी फोनवर बोललं तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, स्पीकर लावून. कोपऱ्यात जाऊन कुजबुजायचं नाही. थोरल्या बाबांच्या वेळी फोन नव्हते, पण कुजबूज होती आणि नियमही होता. केरूबाबांनी तोच पुढे लागू केला.

शाल्मलीनं फोन उलटासुलटा केला. मग तिनं मान ताठ केली.

"एक सांगू? आम्ही हा काढलाच नसता, तर तुमच्या हातात फोनच आला नसता, गोदाक्का. महागडा घेतला असता का तुम्ही? लेकीचं तोंड दिसलं ते आमच्यामुळे दिसलं. आता दिसत नाही, तेही आमच्यामुळेच, कबूल. पण आधीचं विसरू नका."

ती बाबांकडे वळली.

"आणि तुम्ही. जुने गळतात म्हणून नवा देत नाही. छान आहे. तुमचं नाव स्वच्छ राहिलं. पण तुमच्या दारातून किती जण तसेच परत गेले असतील? थोरल्या बाबांनी निदान दिले तरी. तुम्ही देण्याच्या भीतीनं हात आखडून बसलात, आणि त्याला लोक वैराग्य म्हणतात."

गोदाक्कांनी पदर तोंडाला लावला.

"खरं आहे," बाबा म्हणाले.

शाल्मलीची पुढची तीन वाक्यं तयार होती. ती तशीच राहिली. समोरचा भांडला नाही की तिला फार अडचण व्हायची.

बाबांनी चाकूचं पातं तापवलं आणि लाख पट्टीवर सारखी केली. बाहेर बांधावर भोपळ्याचा एकच वेल होता. त्याला फळ धरलं होतं.

"कशाला आलीस?" त्यांनी विचारलं.

"तुंबा गळतोय म्हणून."

"आणि?"

"... मला द्या एक. माझा."

"कशाला?"

"मी सोडून येणार आहे. नोकरी, पुणं, सगळं. आज संध्याकाळपर्यंत एक होकार पाठवायचा राहिलाय. तेवढा पाठवला की मी सुटले."

"कसला होकार?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं, पण ते मोठ्यानं कधी म्हणून पाहिलं नव्हतं.

"चांदणीचा शेवटचा अपडेट," ती म्हणाली. "माझ्या होकाराशिवाय तो जात नाही."

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

"मग पाठवतेस काय?"

"तारीख."

मग तिनं सांगितलं. चिपवाल्यानं पाकिटं थांबवली होती. माणसं उचलून नव्या फोनवर नेली होती. पण चांदणीच्या खोक्यावर कंपनीनं छापलं होतं, की अमुक काळापर्यंत हा फोन ताजा राहील, आणि तो काळ सरायला एक अपडेट कमी पडत होता. खोक्यावर छापलेलं परत घेता येत नाही. म्हणून वरून असं ठरलं, की आतलं आहे तसंच ठेवायचं, फक्त तारीख पुढची घालायची. फोन उघडून बघितलं की दिसेल, तुमचा फोन ह्या महिन्यापर्यंत सुरक्षित आहे.

"खोटं नाही ते," ती म्हणाली. "तारीख खरीच असेल."

गोदाक्का पुढे आल्या. "म्हंजे त्यानं लेक दिसंल?"

"नाही."

"मग काय दिसंल?"

"तारीख."

गोदाक्कांनी जरा विचार केला. मग भिंतीकडे बोट केलं. "ती हितं भिंतीवर हाय की."

दुकानदारानं दिलेलं कॅलेंडर खिळ्यावर हलत होतं.

कुणी हसलं नाही. बाबांनी केवड्याचं सुकं पान घेतलं आणि लाखेवर घासायला सुरुवात केली. एक लय होती त्या घासण्याला. शाल्मलीला ती लहानपणापासून ठाऊक होती. आईबरोबर ती यायची तेव्हा ह्याच जोत्यावर बसून पान घासल्याचा आवाज ऐकायची. परतताना एसटीत आई तुंबा खिडकीपाशी धरायची, ऊन त्यावर खेळायचं, आणि आई उगाचच हसायची. घरी तुंबा देवाशेजारी. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली पाण्याचं गोल कडं. मग पुन्हा एसटी, पुन्हा मठ, पुन्हा बाबांचं जेवण गार. आईला त्यात काही चुकतंय असं वाटत नसे. गुरूकडे वरचेवर जायला मिळतं, असं ती म्हणायची.

आई गेली त्या दिवशीही तुंब्याखाली ओल होती.

"घे," बाबा म्हणाले.

तुंबा झळझळत होता. नवा केल्यासारखा. शाल्मलीनं तो हातात फिरवला. जुन्या पट्टीच्या कडेला एक टवका सुटला होता, तिनं नकळत नख घातलं. खाली आणखी लाख निघाली, जुनी, तीही एके काळी झळझळीत. तिच्याखाली अजून एक. हा थर ती कॉलेजात होती तेव्हाचा असणार. त्याखालचा तिच्या दहावीचा. सगळ्यांच्या तळाशी चीर होती. तीच. तिथेच.

तिनं तुंबा कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी सुटं, भुसभुशीत.

"बाबा, आतून काय केलंत?"

"आत हात जात नाही."

ते खरं होतं. तोंड एवढंसं, दोन बोटं जेमतेम जातील न जातील. थोरले बाबा तोंड असंच कापायचे. चालताना पाणी हिंदकळू नये, हे एक कारण. दुसरं कारण ते उघड सांगायचे. आत कुणाचा हात जाता कामा नये, पाणी सोवळं राहिलं पाहिजे. आतला गर काढायचा तर ते खडे आणि पाणी घालून खळखळवायचे आणि ओतून टाकायचे. हात त्यांचाही नाही.

"मग आतली चीर?"

"आहे."

"आणि हे आज काय केलंत?"

"बुजवली."

"वरून."

"वरून."

"आणि गेल्या वेळी? त्याच्या आधी?"

बाबांनी पान खाली ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "आई इतक्या लांबून यायची. तुम्ही उपाशी राहून हे करायचात म्हणून ती वाटेत रडायची. आणि तुम्हाला ठाऊक होतं, की आत बुरशी आहे आणि पाणी आतून लाख ढकलणार आहे..."

"होतं."

"बाबा, तुम्ही तारीख बदलत होता."

आत पुन्हा तापत ठेवलेली आमटी उतू गेली असावी, तसा वास आला. गोदाक्का जागच्या हलल्या नाहीत.

बाबांनी तुंब्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तोंड थोरल्या बाबांनी कापलंय."

"म्हणजे कुलूप तुमचं नाही."

"कसलं कुलूप?"

तिला आधी वाटलं, जाऊ दे. मग सांगितलं. प्रत्येक फोनच्या आत एक कुलूप असतं. कंपनीनं आपला शिक्का मारून पाठवलेलं असेल तेवढंच फोन आत घेतो. दुसऱ्या कुणी कितीही चांगलं करून दिलं तरी नाही. ते कुलूप काढलं, तर जगात कुठे कुठे बसलेली पोरंपोरी आहेत, कुणी कॉलेजातली, कुणी पेन्शनीतली, ती हौसेनं जुन्या फोनवर नवी यंत्रणा बसवतात. चिपवाल्याचं पाकीट त्यांनाही उघडत नाही. पण ते त्याला वळसा घालून, ठिगळ लावून, फोन आणखी काही वर्षं चालता ठेवतात. कंपनीनं टाकलेले फोन त्यांनी उचललेले तिनं पाहिले होते. कौतुकानं पाहिले होते, आणि कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"हिची लेक दिसेल?"

"खात्री नाही. पण दिसू शकेल."

"मग काढत का नाहीस?"

"तसा नियम नाही."

"नियम कुणी केला?"

"माझ्या आधीच्यांनी..."

तिचं तिलाच ऐकू आलं. बाबांना आलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. थोरल्या बाबांची समाधी असलेल्या खोलीत गेले. समाधीपाशी थोडा वेळ उभे असावेत, घंटा वाजली नाही पण पावलंही वाजली नाहीत. बाहेर आले तेव्हा हातात करवत होती. वेलाचा मांडव करताना बांबू कापतात ती, दाते झिजलेली.

ते तिच्यासमोर बसले आणि तुंबा तिच्या मांडीवर आडवा ठेवला.

"धर."

"आईचा आहे."

"म्हणून विचारतोय."

त्यांनी विचारलं नव्हतं. धर म्हणाले होते. शाल्मलीला भांडायला हे पुरेसं होतं, एरवी ती ह्यावर अर्धा तास भांडली असती. तिनं तुंब्याकडे पाहिलं. ह्या तोंडाला आईचे ओठ लागले होते. देवाशेजारी हा होता आणि आईचा फोटो त्याच्यानंतर आला.

"बाबा," गोदाक्का म्हणाल्या, आणि ह्या खेपेला त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "थोरल्या बाबांच्या हातचं तोंड हाय ते. मोडू नगा. लोक काय म्हणतील, गुरूचं मोडलं..."

बाबांनी समाधीच्या दिशेनं मान लववली. क्षमा मागताना लववतात तशी नव्हती ती. शेजाऱ्याला, येतो हं, म्हणून सांगताना लववतात तशी होती.

शाल्मलीनं तुंबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

करवत पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा धरली. पिवळा भुसा तिच्या कपड्यांवर पडू लागला, आणि मग वास आला. जुन्या पाण्याचा, कोंडलेल्या बुरशीचा, आई ज्याला तीर्थाचा वास म्हणायची तो. वरचा भाग सुटून जमिनीवर पडला, गडगडत उंबऱ्यापाशी गेला आणि तिथे थांबला. गोदाक्कांनी पाय मागे घेतला.

आता तोंड भाकरीएवढं मोठं होतं. वेडंवाकडं, दिसायला वाईट.

तिघांनी आत वाकून बघितलं. बाहेरून केसाएवढी असलेली चीर आतून बोटभर रुंद होती, आणि काळी. वर्षानुवर्षं वरच्या झळाळीखाली ती सावकाश वाढत होती, कुणी त्रास न देता.

बाबांनी बाही कोपरावर सारली आणि हात आत घातला.

खरवडायला लागले. काळा चुरा मुठीनं काढून जोत्याखाली टाकू लागले. मध्येच म्हणाले, "तुझा बारीक आहे, कडेचं तू काढ." शाल्मलीनंही हात आत घातला. आत गार होतं. बोटाला भोपळ्याचं खरं अंग लागलं, टणक, चांगलं. अजून पुष्कळ वर्षं टिकणारं.

आपण तुंबा मागायला आलो होतो, हे ती विसरून गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तिचा. अभ्यंकर, तिचे वरिष्ठ. ती सवयीनं उठली आणि अंगणाकडे निघाली. गोदाक्कांनी चौकटीला टेकवलेली पळी उचलून आडवी धरली.

शाल्मली परत आली. जोत्यावर बसली, फोन मध्ये ठेवला, स्पीकर लावला.

"शाल्मली, होकार आला नाही अजून," अभ्यंकरांचा आवाज मठात घुमला. "सगळे थांबलेत. तू कुठे आहेस? देवळात वगैरे का?"

"मठात."

"बरं, बरं. तेवढं पाठवून दे, मग कर तुझं शांतपणे."

"नाही पाठवत, सर."

"म्हणजे?"

"नुसत्या तारखेखाली माझं नाव जाणार नाही. चांदणीचा शेवटचा अपडेट जाईल, पण कुलूप काढून जाईल. आपल्याला सांभाळता येत नाही, तर ज्यांना येतं त्यांना सांभाळू दे. तसं लिहून लोकांना कळवू, की आमच्यानं इथून पुढे होणार नाही, फोन आता तुमचा. हे चालणार असेल तर होकार आत्ता देते."

तिकडे खुर्ची करकरली. अभ्यंकर माणूस म्हणून वाईट नव्हते. तिला कामावर त्यांनीच घेतलं होतं.

"आल्यावर बोलू," ते म्हणाले.

"आत्ताच बोला. इथे सगळे ऐकतायत."

"सगळे म्हणजे कोण?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. गोदाक्का चांदणी छातीशी धरून उभ्या होत्या. उंबऱ्यापाशी तुंब्याचं जुनं तोंड पडलं होतं. बाबा कोपरापर्यंत आत होते.

"चांदणीवाले आहेत एक," ती म्हणाली.

अभ्यंकरांचा आवाज बदलला. त्यांनी तिला नीट समजावलं. चिपवाले करारावर बोट ठेवतील. कायदेवाले विचारतील. उद्या कुणाचा फोन बिघडला तर नाव कंपनीचं जाईल. आणि तिनं हे ताणलं, तर तिच्या जागी होकार द्यायला दुसरं माणूस बसवायला त्यांना सोमवारपर्यंतही थांबावं लागणार नाही, हेही त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता.

"बसवा," शाल्मली म्हणाली. "तोवर मी आहे."

"अगं, जरा समजून घे. ते कुलूप तिथे उगाच नाही. ते आहे म्हणून आतलं आतच राहतं. एकदा काढलंस की संपलं. मग कोणीही उठेल आणि त्यात हात घालेल."

 

तुंब्याच्या आतली खरवड थांबली. बाबांनी फोनकडे तोंड केलं. हात बाहेर काढला नाही.

"घालू दे," ते म्हणाले.